गोळी वळली, असे म्हणताना

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या अशा आहेत की त्यांतले एक क्रियापद कर्त्याला वाक्यात बसवून घेते आणि दुसरे त्याला मागच्या दाराने जाऊ देते. फोडणे आणि फुटणे, तोडणे आणि तुटणे, पाडणे आणि पडणे, सोडणे आणि सुटणे, वळवणे आणि वळणे. पदवीच्या वर्गात हा भाग शिकवायला अर्धा तास पुरतो. ‘काच फुटली’ या वाक्यात काच हीच कर्ता असते. ती कोणी फोडली हे विचारण्याची सोय त्या वाक्यात नसते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पूर्ण आहे. माणसांच्या व्यवहारात मात्र ते पुष्कळदा अपुरे असते, आणि कधी कधी ते अपुरे राहावे म्हणूनच तसे रचलेले असते.

काही वर्षांपूर्वी हाच भाग चालू असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला : सर, झाडलेली गोळी वळवता येते का? 2008 साली ‘वाँटेड’ नावाचा एक हॉलिवूडपट आला होता. त्यातली पात्रे पिस्तूल धरलेल्या हाताला झटका देतात आणि गोळी मधल्या माणसाला वळसा घालून पलीकडच्या माणसाला लागते. मुलाने तो हिंदीतून पाहिला होता. वर्ग हसला. प्रश्न व्याकरणाचा नव्हता हे खरे. पण त्याने नेमके ‘वळवणे’ हे क्रियापद वापरले होते, आणि त्यामुळे तो माझ्याही विषयात येत होता. कारण प्रश्न खरे तर दोन आहेत. गोळी वळते का, हा एक. गोळी वळवता येते का, हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे. तो आमच्या घरातला आहे. त्याच्याकडे येण्यापूर्वी पहिल्या दोघांचा हिशेब नीट व्हायला हवा.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. गोळी वळते. अगदी सरळ जाणारी गोळी पृथ्वीवर कोणी पाहिलेली नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते, हातातून सुटलेला दगड पडतो तशीच; फक्त पडता पडता ती पुष्कळ पुढे गेलेली असते. नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात ती पॉइंट टू टू रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने निघते. 50 मीटरवरचे लक्ष्य गाठायला तिला सेकंदाचा जेमतेम सहावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली आलेली असते. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेपेक्षा अगदी किंचित वर रोखलेले असते. जिला आपण सरळ रेषा म्हणतो ती नेमबाजाच्या डोळ्याची असते. गोळीची वाट कमानीसारखी असते. त्यात बाजूचा वारा तिला ढकलतो. रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या सर्पिल खाचा तिला भोवऱ्यासारखी गरगर फिरवतात. त्यामुळे ती स्थिर राहते, पण लांबच्या पल्ल्यावर त्याच फिरण्यामुळे थोडी एका बाजूला सरकते. आणखी लांब, हजार यार्डांच्या आसपास, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणेसुद्धा काही इंचांनी हिशेबात घ्यावे लागते.

हे सारे जाणून घेऊन त्यावर आयुष्य बेतणारी माणसे आपल्याकडे आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्यूनिक येथे 50 मीटर रायफल प्रोन या प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. या अंतरावरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते; आपल्या शर्टाच्या गुंडीएवढे. उघड्या मैदानावर बाजूने सेकंदाला दोन मीटर वेगाचा, म्हणजे झाडाची पाने जेमतेम हलवणारा वारा असला, तरी गोळी त्या वर्तुळाच्या रुंदीएवढी सरकू शकते. म्हणून नळी आणि लक्ष्य यांच्यामध्ये छोटी निशाणे लावलेली असतात आणि नेमबाज चाप ओढण्याआधी ती वाचतो. वारा डावीकडून असेल तर तो डावीकडे धरतो. गोळी वळणार हे ठाऊक असणे, हाच त्याच्या विद्येचा मोठा भाग आहे.

या खेळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाऱ्याने गोळी नेली आणि आठ गुण पडले, तर गुणपत्रिकेत आठच लिहितात. वाऱ्यासाठी तिथे निराळा रकाना नसतो.

आता दुसरा प्रश्न : गोळी वळवता येते का? चित्रपटातल्या झटक्याचे उत्तर आमच्याकडे ज्वारीची राखण केलेला कोणीही देऊ शकेल. गोफण डोक्याभोवती गरगर फिरते, तिच्यातला गोटा वर्तुळातच फिरत असतो. पण दोरीचे एक टोक सोडले की गोटा वर्तुळ विसरतो. त्या क्षणी त्याचे तोंड जिकडे असेल तिकडे, स्पर्शरेषेने, तो निघून जातो. फिरवणाऱ्या हाताची आठवण त्याच्यात उरत नाही. पिस्तुलाच्या झटक्याचेही तसेच. हात हलवला तर गोळी थोडी वेगळ्या दिशेला जाईल. पण एकदा नळीबाहेर पडली की हाताला तिच्यावर काही करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोपऱ्याआडून झाडण्यासाठी बंदुकीला जोडायच्या वाकड्या नळ्या बनवल्या होत्या. तिथेही गोळी वाकते ती नळीच्या आत, पोलादाला घासत. आणि नळी काहीशे फैरींत निकामी होते. तोंडातून बाहेर पडल्यावर तिची वाट इतर गोळ्यांसारखीच.

तरीही एका माणसाने वाकडी नळी घेऊन गोळी खरोखर वळवून दाखवली होती, आणि ती त्याने वळवली ती भलत्याच बाजूला. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. तोफविद्येवरचे त्याचे पुस्तक 1742 साली निघाले. तेव्हाच्या साध्या बंदुका आतून गुळगुळीत नळीच्या होत्या. गोळी शिशाची, वाटोळी, आणि नळीपेक्षा किंचित लहान, कारण त्याशिवाय ती तोंडाकडून ठासता आली नसती. रॉबिन्सने पातळ कागदाचे पडदे एकामागे एक टांगून त्यांतून गोळ्या झाडल्या. भोके एका रेषेत पडत नव्हती. त्याने अनुमान केले की सैल बसलेली गोळी नळीत एका बाजूला घासत येते, तिला तिथे फिरकी मिळते, आणि फिरत्या गोळीला हवा एका बाजूला ढकलते. हे ताडून पाहण्यासाठी त्याने एका बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकवले. सामान्य तर्काने गोळी डावीकडे जात राहायला हवी होती. पहिल्या पडद्यांवर ती डावीकडेच गेली. पण वाकलेल्या भागात ती उजव्या भिंतीला घासत आली होती. त्या फिरकीने ती पुढे मागे वळली, मधली रेषा ओलांडून उजवीकडे गेली. थोर गणिती ऑयलरने रॉबिन्सचे पुस्तक 1745 साली जर्मन भाषेत आणले, पण फिरकीचे स्पष्टीकरण त्याला पटले नव्हते. गोळी नीट वाटोळी नसल्याचा तो दोष मानत होता. पुढे 1852 साली माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने याच गोष्टीचा अभ्यास केला आणि नाव त्याचे राहिले. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत असतानाच बाजूला सरकतो तो याच कारणाने. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

आपल्या काळात यापुढचा टप्पाही आला आहे. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने 2012 साली लेझरच्या ठिपक्याकडे वळणारी, छोटे पंख असलेली चार इंची गोळी जाहीर केली. ‘डार्पा’ या तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेने 2014 आणि 2015 साली ‘एक्झॅक्टो’ या प्रकल्पातल्या चाचण्यांची दृश्ये प्रसिद्ध केली. त्यांत अर्ध्या इंच व्यासाची गोळी हवेत असताना आपला मार्ग बदलते. म्हणजे यंत्राच्या साहाय्याने गोळी वळवता येते. मागे मात्र घेता येत नाही. महाभारताच्या सौप्तिक पर्वात हा भेद फार स्पष्ट आहे. ब्रह्मास्त्र सोडल्यावर अर्जुनाला ते आवरता येते. अश्वत्थाम्याला आवरता येत नाही. त्याला ते फक्त वळवता येते, आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. आवरणे हे संयमाचे काम आहे. वळवण्याला नुसते कौशल्य पुरते. आणि जो वळवू शकतो त्याच्यासाठी ‘सुटली’ हे क्रियापद उरत नाही. लक्ष्याला लागेपर्यंत तो ‘सोडतच’ असतो.

आमच्या घरात जिची साठ वर्षे चर्चा होत आली ती गोळी मात्र इतकी शहाणी नव्हती. ती रॉबिन्सच्या जातीची होती.

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे सुलतानपूर आहे. आजोबांची शेती तिथली. रानडुकरांचा उपद्रव तेव्हाही होता. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली शेतकऱ्याला मिळू शकत असे, आणि आजोबांकडे तो होता. 1966 साली कार्तिकातल्या एका रात्री ज्वारी हुरड्यात आलेली असताना ते मचाणावर बसले होते. ताटे हलली, त्यांनी बार काढला. गोळी डुकराला लागली नाही. दोन बांध पलीकडे दुसऱ्याच्या शेतात राखणीला बसलेल्या सालदाराच्या गुडघ्याखाली ती लागली. बैलगाडीतून त्याला तालुक्याच्या गावी नेले. तो वाचला. पाय वाचला नाही म्हणता येणार नाही, पण तो सरळ कधीच पडला नाही. त्याला मी पाहिले ते लंगडतानाच.

फिर्याद झाली नाही. का झाली नाही, हे समजायला फार हुशारी लागत नाही. एकाच्या नावावर साठ एकर होती आणि दुसऱ्याच्या नावावर काहीच नव्हते. गावात एक वाक्य तयार झाले आणि तेच राहिले : गोळी वळली. आत्या म्हणायच्या, काका म्हणायचे, आलेगेले पाहुणेही म्हणायचे. नेम डुकरावरच होता, गोळी वळली. लहानपणी आम्हांला त्या वाक्यात काही कमी आहे असे वाटत नसे. उलट वळणाऱ्या गोळीचे कुतूहलच वाटे, त्या चित्रपट पाहिलेल्या मुलाला वाटले तसे.

2024 साली आजोबांच्या जन्मशताब्दीनिमित्त एक पुस्तिका काढायचे घरात ठरले. पुण्यातल्या माझ्या धाकट्या चुलतभावाने मजकूर जुळवला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवला. त्यात एक वाक्य होते : ‘1966 साली शिकारीच्या वेळी दुर्दैवाने गोळी वळून एक इसम किरकोळ जखमी झाला.’ शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती. मी त्या वाक्यापाशी तीन दिवस थांबलो.

ते वाक्य खोटे आहे, असे मला सहज म्हणता आले असते तर काम सोपे होते. अडचण अशी की ते खोटे नसेलही. ठासणीच्या बंदुकीतली वाटोळी गोळी हीच इतिहासात सर्वांत जास्त वळलेली गोळी आहे. नळीच्या कोणत्या भिंतीला ती शेवटची घासेल हे झाडणाऱ्याला कळू शकत नाही. थोड्या अंतरावर ती काही इंच हटेल. अंतर वाढेल तसे हे हटणे झपाट्याने वाढत जाते. शिवाय आमचे रान काळ्या कातळाचे. शिशाची गोळी दगडाला चाटून गेली तर कुठे जाईल याचा नेम नाही. तेव्हा ‘गोळी वळली’ या साक्षीला भौतिकशास्त्राचा पाठिंबा मिळू शकतो. घरातल्या मंडळींना रॉबिन्स ठाऊक नव्हता, इतकेच.

पण खरोखर काय झाले, हे आता कसे कळणार? आमच्या गावातून लोणारला फाटा फुटतो, आणि लोणारचे सरोवर या बाबतीत मोठा धडा देते. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडले, याचा भक्कम पुरावा 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याचे वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. पुढे आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. विवर जवळजवळ गोल आहे. अशा गोल विवरांमुळे एके काळी अभ्यासक गोंधळत असत : वस्तू तिरकी आली असेल तर खड्डा लांबट का नाही? उत्तर असे की एवढ्या प्रचंड वेगाने आदळल्यावर स्फोट होतो, आणि स्फोट सगळीकडे सारखा पसरतो. वस्तू कोणत्या बाजूने आली ते खड्ड्याच्या आकारावरून कळत नाही. बाहेर उधळलेल्या मातीदगडांवरून फार तर अंदाज बांधता येतो. लोणारच्या बाबतीत ती पूर्वेकडून तिरकी आली असावी असा तर्क अभ्यासकांनी तसाच बांधला आहे. त्या सालदाराच्या पायावरची जखमही गोल होती, असे आजी सांगे. जखम वाट सांगत नाही. इतकी वर्षे लोटल्यावर तिच्याभोवती उधळलेले जे काही सापडते ते म्हणजे माणसांची वाक्ये. आणि आमच्या बाबतीत ती सगळी एका बाजूची होती.

कायद्याने हा प्रश्न कसा सोडवला आहे, हे म्हणून पाहिले. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 80 अपघातासंबंधी होते. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 18 मध्ये आहे. तिथले उदाहरण बंदुकीचे नाही, कुऱ्हाडीचे आहे. कुऱ्हाड चालवताना तिचे पाते निसटून शेजारी उभा असलेला माणूस दगावला, तर चालवणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली असल्यास तो गुन्हा ठरत नाही. सारा भार त्या ‘काळजी’वर आहे. पाते निसटले का, हे कायदा विचारतोच. पण ते निसटू शकते हे ठाऊक असताना तू काय केलेस, हे तो आधी विचारतो. दुसरे एक कलम, जुने 301 आणि नवे 102, याहून कठोर आहे. एकाला मारायला निघालेल्याच्या हातून दुसराच मेला, तरी मूळ हेतू त्या दुसऱ्याच्या मृत्यूला चिकटतो. गोळी चुकली म्हणून हेतू चुकत नाही. आजोबांचा हेतू माणसाला मारण्याचा नव्हता, म्हणून हे दुसरे कलम त्यांना लागू नाही. पहिले लागू आहे, आणि ते प्रश्न विचारत राहते.

गोळी वळते, हे आजोबांना ठाऊक नव्हते का? पुस्तकातून नसेल, पण वीस वर्षे तीच बंदूक वापरणाऱ्या माणसाला ती कशी बाहेर फेकते हे हाताला ठाऊक असते. पलीकडच्या शेतात राखणीला माणूस असतो, हेही ठाऊक होते. मग गोळीचे वळणे हा बचाव उरत नाही. नेमबाज वारा वाचतो तो एवढ्याचसाठी. वस्तू आपल्या ताब्यात राहणार नाही हे ज्याला माहीत आहे, त्याची जबाबदारी ती ताब्यात असतानाच्या क्षणावर सगळी गोळा होते. ‘वळली’ हे वाक्य नेमके उलटे करते : ते जबाबदारी त्या क्षणापासून उचलून हवेत, जिथे कोणीच नाही अशा जागी नेऊन ठेवते.

ही खोड केवळ आमच्या घरची नाही. ‘गोळीबारात दोघांचा मृत्यू’ हा मथळा आपण आयुष्यभर वाचत आलो आहोत. त्यात गोळीबार आहे, मृत्यू आहे, माणूस फक्त मरणारा आहे. ‘जमाव पांगवण्यासाठी हवेत गोळीबार’ हेही तसेच. हवेत झाडलेली गोळी हवेत राहत नाही. ती कुठेतरी खाली येते. वाक्य मात्र तिला वरच सोडून देते.

आजोबा स्वतः काय म्हणत, हे मला नीट आठवते, कारण ते एकदाच म्हणाले. खळे होऊन ज्वारी घरात आली की एक पोते निराळे काढून ठेवले जाई. आजी त्याला ‘त्याचं पोतं’ म्हणे. तो सालदार कधी स्वतः येई, कधी मुलाला पाठवी. गावातल्या साऱ्या सालदारांना अरे-तुरे करणारे आजोबा त्याला मात्र ‘भाऊ’ म्हणत आणि ओट्यावर बसवत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तो पोते घेऊन गेल्यावर मी विचारले, आबा, गोळी वळली म्हंजे कशी वळली? ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “वळली न् फिळली काही नाही. माह्या हातून सुटली.”

‘माह्या हातून सुटली.’ मराठीचा प्राध्यापक होऊन इतकी वर्षे झाल्यावर मला त्या वाक्याचे व्याकरण कळू लागले आहे. ‘मी गोळी सोडली’ म्हणजे हेतूसकट कबुली. ‘गोळी सुटली’ किंवा ‘वळली’ म्हणजे माणूस गैरहजर. या दोहोंच्या मध्ये मराठीने एक तिसरी जागा राखून ठेवली आहे. तिच्यात क्रियापद अकर्मकच राहते, हेतू नव्हता हे खरे तेवढे सांगते. पण ‘हातून’ या शब्दाने हात वाक्यात परत आणून ठेवते. माझ्या हातून कप फुटला. माझ्या हातून अपमान झाला. आणि विशेष असे की हीच रचना आपण चांगल्यासाठीही वापरतो : त्यांच्या हातून सेवा घडली, माझ्या हातून एवढे पुण्य घडो. पाप असो वा पुण्य, घडणे पुरते आपल्या ताब्यात नसते आणि हात मात्र आपलाच असतो, हे जुन्या माणसांनी एका पंचमीच्या प्रत्ययात बसवले आहे. कायद्याचे कुऱ्हाडीचे उदाहरण, नेमबाजाची गुणपत्रिका आणि आजोबांचे ते चार शब्द यांत मला एकच समज दिसते. आपल्या हातून होणारे बहुतेक नुकसान याच तिसऱ्या जागेतले असते. त्याला गुन्हा म्हणणे अतिशयोक्तीचे, आणि दुर्दैव म्हणणे सोयीचे.

आजोबांचा न्याय त्यामुळे पुरा झाला, असे मात्र मी म्हणणार नाही. हे वाक्य ते घरात, एका लहान मुलापाशी बोलले. चावडीवर बोलले नाहीत. बाहेर ‘वळली’ चालू राहिले आणि त्यांनी ते चालू दिले. वर्षाला एक पोते ज्वारी ही काय होती, भरपाई, प्रायश्चित्त की गप्प राहण्याचा मोबदला, हे मला ठरवता येत नाही. कदाचित ती तिन्ही होती.

मी वाक्य बदलून पाठवले : ‘1966 साली पीक राखताना आजोबांच्या हातून सुटलेली गोळी शेजारच्या शेतातल्या सालदाराच्या पायाला लागली, तो जन्मभर लंगडला.’ दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. “दादा, तुम्हाला शुद्धलेखन बघायला दिलं होतं.” मी म्हटले, तेवढेच पाहिले आहे. तो चिडला. शताब्दीच्या पुस्तिकेत हे कशाला, घालायचे तर निदान पोत्याचेही घाला, म्हणजे आजोबांचा मोठेपणा दिसेल, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच गैर नव्हते. शेवटी असे ठरले की ज्याच्या वडिलांची ही गोष्ट आहे त्यालाच विचारावे.

त्या सालदाराचा मुलगा आता साठीला आला आहे, गावातच असतो. मी दोन्ही वाक्ये छापून नेली होती. त्याने चष्मा लावून दोन्ही वाचली, पुन्हा वाचली. गोळी वळली होती की नव्हती, याबद्दल तो काहीच बोलला नाही. माझ्या वाक्यातल्या ‘सालदार’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “सर, लिहायचंच असंन तर नाव लिहा ना. बापाला नाव होतं.” पोत्याचे विचारले तेव्हा त्याने मान हलवली. “ते नका टाकू. ते त्या दोघायचं होतं.”

पुस्तिका छापून झाली आहे. त्याच्या वडिलांचे पूर्ण नाव तिच्यात आहे. ते इथे देत नाही, कारण तशी परवानगी मी मागितलेली नाही. भावाने एवढेच केले की ते पान आजोबांच्या फोटोसमोर येणार नाही अशी मांडणी केली. मी हरकत घेतली नाही.